परमिट, जहाज आणि कासव : आमचं अंदमान

सोलापुरात अंदमानला जाऊन आलेली माणसं कमी नाहीत. आमच्या पतसंस्थेतच चार-पाच निघतील. पण त्यांचं अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, हॅवलॉकचा किनारा, बोटीतले फोटो आणि घरी परत. ते पाहायलाच हवं, आम्हीही पाहिलं. मला आणि माझ्या नणंदेला मात्र मुख्यतः तिथलं जंगल, पक्षी आणि कासवं पाहायची होती. त्याची माहिती मराठीत शोधायला गेले तर पॅकेज टूरच्या जाहिरातींपलीकडे फारसं हाती लागलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण गाडी अडते ती तिथेच.

आमच्याबद्दल थोडं. मी नोकरी करते, वन्सं परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यात. जमेल त्या रविवारी पहाटे आम्ही नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नाहीतर हिप्परगा तलावावर असतो. माळढोकाचं नाव राहिलंय, माळढोक आता नशिबातच असावा लागतो. पण काळवीट, धाविक पक्षी, कधी लांडगा दिसतो आणि तेवढ्यावर आमचा आठवडा निघतो. दुर्बीण एकच, ती वन्संची. वन्संना पोहता येत नाही आणि पाण्याची भीती आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण बेटावर जायचं ठरल्यावर घरात सगळ्यांत जास्त चर्चा त्यावरच झाली.

तयारीला २०२४च्या ऑक्टोबरात लागलो. आधी एका एजंटाकडे गेलो. त्याने छापील कागद पुढे सरकवला, त्यात अंदमानच्या उत्तर टोकाचं दिगलीपूर नव्हतंच. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तिकडं काय नाही बघायला. बारा तास बस आहे." वन्सं बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वहिनी, काही नाही म्हणतोय म्हणजे तिथं गर्दी नसणार. आपण आपलं बघू."

आपलं बघायचं म्हणजे आधी नकाशा. अंदमान-निकोबारमध्ये राष्ट्रीय उद्यानं बरीच आहेत, पण आपल्यासारख्याला सरळ मार्गाने जमतील अशी तीन : वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, पोर्ट ब्लेअरसमोरच्या डोंगरावरचं माउंट हॅरिएट आणि पार उत्तरेला दिगलीपूरजवळचं सॅडल पीक. निकोबारकडे जायला वेगळा ट्रायबल पास लागतो, तो फिरायला जाणाऱ्यांना मिळत नाही, त्यामुळे तिकडची स्वप्नं पाहू नयेत. अंदमानच्या नेहमीच्या बेटांसाठी भारतीयांना कसलाही प्रवेश परवाना लागत नाही. परवाने लागतात ते उद्यानांचे आणि अभयारण्यांचे, आणि प्रत्येकाची खिडकी वेगळी.

विमानाची तारीख पक्की करण्याआधी चार गोष्टी कॅलेंडरवर मांडा. वंडूरचं उद्यान सोमवारी बंद असतं. तिथल्या १५ बेटांपैकी पर्यटकांना जॉली बॉय आणि रेड स्किन या दोनच बेटांवर नेतात, तेही आलटून पालटून : हिवाळा-उन्हाळ्यात जॉली बॉय, पावसाळ्याच्या दिवसांत रेड स्किन. कासवं दिगलीपूरकडे किनाऱ्यावर येतात ती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. आणि उत्तरेला जाणाऱ्या सरकारी जहाजाचं वेळापत्रक थोडेच दिवस आधी जाहीर होतं. या चारांचा मेळ घालता घालता आमचा फेब्रुवारी ठरला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सोडून सोलापूरकर कुठे जाणार? तो प्रश्नही आपोआप सुटला.

चेन्नईहून विमान घेतलं, कारण मुंबई-चेन्नई गाड्या सोलापूरवरून जातात. संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला चेन्नई. विमानाचं जाऊन-येऊन माणशी तेरा हजारांच्या आसपास पडलं, तेही चार महिने आधी काढल्यामुळे. रेल्वेचं आरक्षण मात्र नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधीच उघडतं, १२० नाही. त्यामुळे विमान हातात आणि रेल्वेचा पत्ता नाही, अशा अवस्थेत दोन महिने काढायची मनाची तयारी ठेवा. परतीच्या वेळी विमान आणि गाडी यांच्यात किमान सहा-सात तास तरी ठेवा.

सामानात दोन गोष्टी कामाच्या ठरल्या. एक, आधारच्या झेरॉक्सची जाडजूड चळत. सोलापूरच्या सात रस्ता चौकात काढल्या तेव्हा दुकानदाराला वाटलं आम्ही कर्ज काढतोय. दुसरी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, पण प्लास्टिकच्या पिशवीत नाही, स्टीलच्या डब्यात. का ते पुढे येईलच. सोलापुरी चादर न्यायची की नाही यावर थोडा वाद झाला. वन्संनी नेली आणि जहाजावर ती मीच पांघरली.

६ फेब्रुवारीला, गुरुवारी निघालो. चेन्नईत एक रात्र काढून ८ तारखेला सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर. आता अधिकृत नाव श्री विजय पुरम आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात. पहिल्या दिवशी जेल पाहिलं. बाकी वेळ खिडक्यांपुढे गेला. वंडूरचं परमिट आधी काढावं लागतं, ओळखपत्राची प्रत लागते आणि दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. परमिटची फी किरकोळ. बोटीचं भाडं वेगळं, आम्हाला माणशी हजाराच्या आतबाहेर पडलं. खिडकीवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "पाण्यात उतरणार?" वन्संनी माझ्याकडे बघत उत्तर दिलं, "ही उतरणार." दर आणि पद्धत बदलत असतात, म्हणून हॉटेलमध्ये सामान टाकलं की पहिलं काम हे करा, संध्याकाळवर ठेवू नका. संध्याकाळ तिथे फार लवकर होते. आपल्यापेक्षा सूर्य तासाभराने आधी उगवतो आणि तितक्याच आधी मावळतो. साडेपाचला बुडाला की सहाला मिट्ट काळोख. पक्षी पाहणाऱ्याने सोलापूरचं घड्याळ डोक्यातून काढून टाकावं. पहाटे पाचला खोलीच्या बाहेर पडलो तरच काही दिसायचं.

रविवारी माउंट हॅरिएट. चॅथम जेटीवरून फेरीबोटीने बांबू फ्लॅटला उतरायचं, तिथून जीप करून वर. २०२१मध्ये याचं नाव माउंट मणिपूर केलंय. १८९१च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपूरच्या राजघराण्यातल्या लोकांना इथे हद्दपार करून ठेवलं होतं, म्हणून. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवरचं नारळी आणि दीपगृहाचं चित्र इथलंच आहे असं सांगतात. सगळ्या जीप त्या जागी थांबतात, लोक नोट हातात धरून फोटो काढतात आणि खाली निघतात. याच डोंगरावरून उतरून आलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला खालच्या धक्क्यावर शेर अली या कैद्याने भोसकलं, ते ८ फेब्रुवारी १८७२ला. म्हणजे आदल्याच दिवशी त्याला १५३ वर्षं झाली होती. ड्रायव्हरला हे माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

आम्ही जीप सोडून काळा पत्थरच्या पायवाटेने आत गेलो. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. ताडोबा डोक्यात घेऊन अंदमानच्या उद्यानात जाऊ नका. इथे वाघ नाही, बिबट्या नाही, अंदमानात माकडसुद्धा नाही. इथला अस्सल मोठा जंगली प्राणी म्हणजे रानडुक्कर. चितळ दिसतात, पण ते इंग्रजांनी आणून सोडलेले. खाणारा कोणी नाही म्हणून वाढले आणि आता कोवळी रोपं फस्त करतात. हत्ती लाकूड ओढायला आणले होते, त्यातले काही धंदा बुडाल्यावर मध्य अंदमानच्या इंटरव्ह्यू बेटावर मोकळे राहिले. जमिनीपासून लाखो वर्षं तुटलेल्या बेटावर जे उडून, तरंगून, वाहून पोचलं तेच तिथलं झालं, आणि इतकी वर्षं वेगळं राहून ते आपल्याकडच्यापेक्षा निराळं झालं. म्हणून इथे बघायचं ते लहान आणि फक्त इथलंच. अंदमानचा कोतवाल, अंदमानचा टकाचोर, अंदमानचा बुलबुल, अंदमानचा सर्पगरुड, अशी ती पक्ष्यांची यादी आहे. यातली एकेक जात जगात दुसरीकडे कुठेही नाही.

पहिला तासभर नुसते आवाज. झाडं इतकी उंच की मान मागे टाकून टाकून वन्संना चक्कर यायला लागली. मग ठक्, ठक्, सावकाश, हातोडीने खिळा ठोकावा तसा आवाज आला. आपला सुतार पक्षी घाईत टकटक करतो, हा तसा नव्हता. कावळ्यापेक्षा थोडासाच लहान, अख्खा काळा, डोक्यावर लाल तुरा. अंदमान सुतार! खोडाला शेपटी टेकवून बसला होता, दोन ठोके मारायचा, मान वाकडी करून ऐकायचा, परत दोन. सालीचा एक तळहाताएवढा तुकडा सुटून खाली आला तेव्हा वन्संच्या हातात दुर्बीण होती आणि ती त्या काही केल्या देईनात. मी म्हटलं, "वन्सं, अहो मलाही द्या." "थांब गं, तो ऐकतोय," म्हणाल्या. झाडात अळी सरकते का, ते तो खरोखरच ऐकत असतो.

सोमवारी वंडूर बंद, म्हणून तो दिवस आधीच सिप्पीघाट आणि चिडिया टापूला दिला होता. सिप्पीघाट कुठल्याही टूरच्या यादीत नसेल. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात अंदमानचा उत्तर भाग वर उचलला गेला आणि दक्षिण भाग खचला. सिप्पीघाटची भातशेती समुद्राच्या पाण्याखाली गेली ती कायमची. शेतकऱ्याचं सगळं गेलं आणि पाणपक्ष्यांना दलदल मिळाली. रस्त्याच्या कडेला उभं राहून अंदमान टील नावाची तिथली खास बदकं पाहिली, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली. मागे वाळलेले नारळाचे बुंधे पाण्यात उभे होते. पक्षी दिसल्याचा आनंद तिथे मोकळेपणाने होत नाही.

चिडिया टापूला लोक सूर्यास्तासाठी जातात. गर्दी परतली की खरी मजा. पोपटांचे थवे आरडाओरडा करत झोपायला येतात, आणि अंधार पडल्यावर घुबडं बोलायला लागतात. आम्ही ऐकली, पाहिली नाहीत. येताना गाडी मिळत नाही, म्हणून जाणारी रिक्षाच थांबवून ठेवा. थांबायचे पैसे धरून आम्हाला बाराशे लागले.

मंगळवारी ११ तारखेला वंडूर. हे उद्यान १९८३मध्ये झालं, २८१ चौरस किलोमीटरच्या आसपास, बहुतेक भाग पाणीच. गावापासून तीसेक किलोमीटर, सकाळी लवकर हजर राहावं लागतं. किनाऱ्यावर मगरींच्या सूचनेचे फलक आहेत. खाऱ्या पाण्यातली मगर ही तिथे खरी गोष्ट आहे. जाळी लावलेल्या जागेबाहेर पाण्यात पाय घालू नका. जेटीवर पिशव्या उघडून तपासतात. बिस्किटांचे पुडे, वेफर्स, शांपूच्या पुड्या, सगळं बाहेर. पाण्याची बाटली न्यायची तर नोंद होते, अनामत भरावी लागते आणि परत आल्यावर बाटली दाखवली की पैसे मिळतात. आमच्या मागच्या कुटुंबाचा अर्धा नाश्ता टेबलावर राहिला. आमचा स्टीलचा डबा तपासणाऱ्या बाईंनी उघडला, वास घेतला, विचारलं, "ये क्या है?" वन्संनी चमचाभर शेंगाचटणी त्यांच्या हातावर ठेवली. डबा पास झाला. बेटावर खायला काही मिळत नाही, शौचालयही नाही. बायकांनी हे लक्षात ठेवून पाणी प्या.

तासाभराचा प्रवास तिवरांच्या मधून. पाणी आधी हिरवट, मग पारदर्शक. जॉली बॉयला धक्का नाही, मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरावं लागतं. याच क्षणाची वन्संना ऑक्टोबरपासून धास्ती होती. दोन्ही बोटी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेला हलत होत्या. खालच्या बोटवाल्याने हात पुढे केला, म्हणाला, "दीदी, पानी नहीं, मुझे देखो." त्या उतरल्या. मी त्यांच्यामागून उतरले तेव्हा माझेच पाय जास्त लटपटत होते.

काचेखाली काय दिसलं ते खरं खरं सांगते. बराच भाग राखाडी चुरा आहे. २०१०मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानची प्रवाळं मोठ्या प्रमाणात पांढरी पडून मेली, २०१६मध्ये पुन्हा तडाखा बसला. जाहिरातीतल्या फोटोसारखी रंगीत बाग डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. पण मध्येच एखादा जिवंत ठोकळा येतो, जांभळ्या टोकांचा, त्यात पोपटमासे चोचीने प्रवाळ कुरतडतायत, पट्टेरी मासे शिरतायत-निघतायत. एक मोठा शिंपला होता, निळ्या-हिरव्या ओठांचा. आमची सावली पडली तसा मिटला. मी नळी तोंडात धरून पाण्यात उतरले, गाइडने कंबरेला धरलेली रिंग सोडली नाही. त्याने आधीच बजावलं होतं की प्रवाळावर पाय टेकायचा नाही, आणि एकाने टेकवला तेव्हा त्याला पाण्यातून बाहेर काढून बसवलं. बरं वाटलं.

आता जहाज. दिगलीपूरला रस्त्याने जायचं तर अंदमान ट्रंक रोड जारवा जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. १९५६च्या कायद्याने ते क्षेत्र संरक्षित आहे. गाड्या पोलिसांबरोबर ठरलेल्या वेळी तांड्यानेच सोडतात, थांबायचं नाही, फोटो नाही, कोणाला काही द्यायचं नाही. तरीही 'जारवा दिसले का?' हा प्रश्न तिथून आलेल्या प्रत्येकाला विचारला जातो. माणसांना सफारीसारखं बघायला जायचं नाही, म्हणून आम्ही समुद्रमार्ग धरला होता. सरकारी जहाजाची तिकिटं ऑनलाइन सुटतात आणि फिनिक्स बे जेटीच्या खिडकीवरही मिळतात. स्थानिकांना प्राधान्य आहे आणि ते योग्यच आहे. आमचं जहाज बुधवारचं गुरुवारवर गेलं. एक मोकळा दिवस गाठीशी ठेवल्यामुळे काही बिघडलं नाही, तुम्हीही ठेवाच. तो दिवस आम्ही कपडे धुऊन आणि माशांच्या बाजारात काढला.

१३ तारखेला रात्री चढलो. बंक म्हणजे एकावर एक फळ्या, गादी आहे, थंडी भयानक. चादर इथेच कामी आली. रात्री डेकवर गेलो तर पौर्णिमा होऊन एकच दिवस झालेला, समुद्र लख्ख. माझं पोट ढवळत होतं, वन्सं मात्र कठड्याला धरून भाकरी मोडून खात होत्या. उलटीची गोळी जहाज सुटण्याआधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही, हे परिचारिकेचं मत आहे.

सकाळी एरियल बे, म्हणजे दिगलीपूरचं बंदर. दिगलीपूर हे बंगाली बोलणारं, शांत, बाजारापुरतं गाव. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या. मोबाइल कधी लागतो, कधी नाही. आम्ही कालीपूरला किनाऱ्याजवळ राहिलो, दोघींना रात्रीचे अठराशे. खोलीबाहेरच्या सुपारीवर दुपारच्या उन्हात एक पाल बसली होती, पोपटासारखी हिरवीगार, पाठीवर तांबडे ठिपके. ही अंदमानची दिवसा फिरणारी पाल. हिचे जवळचे भाऊबंद मादागास्करकडे आहेत, मध्ये अख्खा हिंदी महासागर. पालीला पाहून ओरडणाऱ्या वन्सं तिच्यासमोर स्टूल टाकून बसल्या.

कासवांसाठी वनखात्याच्या हॅचरीपाशी, म्हणजे अंडी उबायला ठेवतात तिथे, जाऊन नाव लिहायचं, ते सांगतील तसं वागायचं. पांढरा टॉर्च नाही, फ्लॅश नाही, गडद कपडे, बोलणं बंद. पहिल्या रात्री काही नाही. वाळूवर चादर टाकून बसलो, डास चावले, एकच्या सुमाराला परत आलो. दुसऱ्या रात्री अकरा वाजून गेल्यावर वनरक्षकाने हात वर केला. लाटेतून एक दगड बाहेर आला असं वाटलं आणि तो दगड चालायला लागला. ऑलिव्ह रिडले. मधून मधून थांबायची, श्वास टाकायची, तो आवाज माणसाच्या उसाशासारखा ऐकू यायचा. तिने जागा निवडली, पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवली आणि मग मागच्या पायांनी खड्डा खणायला घेतला. एक पाय आत जायचा, पंजा वळवून मूठभर वाळू वर आणायची, ती हलकेच बाजूला ठेवायची, मग दुसरा पाय. खड्डा तिला दिसत नाही, तोंड समुद्रापासून पलीकडे आणि काम सगळं पाठीमागे. अंडी घालायला लागली तेव्हा रक्षकाने आम्हाला मागून जवळ बोलावलं. पांढरी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, ओलसर, दोन-दोन तीन-तीन पडत होती. साधारण शंभर असतात. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते रडणं नव्हे, शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकायची ती पद्धत. शेवटी खड्डा बुजवून तिने सगळं अंग एका बाजूने उचलून धप् करून आपटलं, मग दुसऱ्या बाजूने, धप्, धप्. वाळू दाबत होती. पायाखाली ती थाप जाणवत होती. तासाभराने ती परत पाण्यात गेली, वळून न बघता.

रक्षकांनी लगेच अंडी काढून, मोजून, बादलीतून हॅचरीत नेली. किनाऱ्यावर ठेवली तर कुत्री, डुकरं आणि घोरपडी उकरतात. हॅचरीत जाळीखाली पुरून वर तारखेची पाटी लावतात. पिल्लं दीड ते दोन महिन्यांनी निघतात. वाळू किती तापते त्यावर नर-मादी ठरतात, जास्त ऊब म्हणजे माद्या जास्त. "आमच्या सोलापूरला पुरली तर सगळ्या पोरीच," असं वन्सं म्हणाल्या. रक्षकाला मराठी येत नव्हतं, तरी हसला.

या जागरणामुळे सॅडल पीक एक दिवस पुढे ढकललं. अंदमानातलं ते सगळ्यांत उंच शिखर, ७३२ मीटर, जाताना आठेक किलोमीटर आणि येताना तेवढंच. लामिया बेच्या गेटवर नोंद करून, फी भरून, गाइड घेऊन सकाळी लवकरच आत जावं लागतं; उशिरा आलेल्यांना सोडत नाहीत. आम्ही शिखराच्या नादी लागलोच नाही. पहिला टप्पा समुद्राच्या कडेने, गोल गुळगुळीत धोंड्यांवरून जातो. चढ सुरू होतो तिथे ओढ्यापाशी बसलो, आणि अंदमान शामा, रानकबुतरं, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड हे सगळं तिथेच पाहिलं. गुडघे शाबूत असतील त्यांनी वर जा. माणशी तीन लिटर पाणी न्या. रॉस-स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटंही जवळच आहेत, परमिट एरियल बेच्या जेटीवर मिळतं. सुंदर आहेत, पण पक्षी बघायचे तर ओढाच बरा.

परतीचं जहाज आमच्या तारखांत नव्हतं. शेवटी बसच. पहाटे अंधारात सुटली. बाराटांगपाशी बस फेरीवर चढवतात, पलीकडे तांड्यात गाड्या उभ्या करतात, नावं लिहून घेतात. राखीव क्षेत्राचा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा सुरू झाला तसे बसमधले काही जण खिडकीकडे सरकले. कंडक्टरने उभ्या उभ्या सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. वन्संनी पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटून बसल्या. मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले.

नातवाने शंख मागितले होते. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही आणू नका. बऱ्याच जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकतं. आमच्या पुढच्या बाईंच्या बॅगेतून प्रवाळाचा तुकडा निघाला आणि त्यांना बाजूला घेऊन बसवलं. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर पावती जपून ठेवा. नातवाला आम्ही पडाऊकच्या लाकडाचं कासव नेलं, पावतीसकट.

दोघींचा सगळा मिळून खर्च ऐंशी हजारांच्या थोडा पुढे गेला. निम्म्याच्या आसपास वाटखर्च, विमान आणि रेल्वे धरून. परमिटं आणि उद्यानांच्या फिया यांची बेरीज केली तर हजार-बाराशेही होत नाही, बोटीचं भाडं सोडून. तिथल्या खर्चात सगळ्यांत महाग पडल्या रिक्षा आणि जीप, कारण पहाटे आणि अंधारात दुसरं काही मिळत नाही. पक्षी बघणारे चौघं असाल तर तो खर्च निम्म्यावर येईल. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, तिथला राज्यप्राणी, आम्हाला दिसली नाही. रोज समुद्रात जाणाऱ्या बोटवाल्यांनाही क्वचितच दिसते. घुबडंही राहिलीत. वन्संनी परतीच्या गाडीत वाडी स्टेशन यायच्या आत पुढच्या डिसेंबरचं गणित मांडायला घेतलं होतं, आणि या वेळी दुर्बिणी दोन असाव्यात यावर आमचं एकमत झालं.